सुट्टीपुरता अमेरिकेतला कामाचा व्हिसा: जे-१ ‘समर वर्क ट्रॅव्हल’ नेमका चालतो कसा

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात समुद्रकाठी ओशन सिटी नावाचं गाव आहे. बारमाही वस्ती जेमतेम सात हजारांची. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र तिथे लाखोंनी माणसं येतात. त्यांच्यासाठी हॉटेलांच्या खोल्या आवरायला, खानावळीत ताटं पोचवायला, पाळण्यांची तिकिटं फाडायला आणि पोहण्याच्या तलावावर लक्ष ठेवायला माणसं लागतात. एवढी माणसं त्या गावात नाहीत, आणि बाहेरून कायमची आणावीत तर ऑक्टोबरनंतर त्यांना पगार देण्याइतका धंदा उरत नाही. मिशिगनमधलं मोटारबंदी असलेलं मॅकिनॅक बेट, विस्कॉन्सिन डेल्सची वॉटर पार्क, केप कॉडचा किनारा, यलोस्टोन उद्यानातली हॉटेलं, सगळीकडे हीच अडचण.

अमेरिकी विद्यार्थी ही कामं पूर्वीपासून करत आले आहेत. पण तिथली बरीच कॉलेजं ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात, तर पर्यटकांची गर्दी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेपर्यंत हटत नाही. ऐन गर्दीत कामाची मुलं निघून जातात. उलट बल्गेरिया, रोमानिया, तुर्कस्तान इथली विद्यापीठं बहुतेक सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात भरतात. तिथून आलेला विद्यार्थी हंगाम संपेपर्यंत थांबू शकतो. हिवाळ्यात हेच चित्र उलटं होतं. कोलोरॅडो आणि युटामधल्या बर्फाच्या डोंगरांवर डिसेंबर ते मार्च काम करायला पेरू, अर्जेंटिना, ब्राझील इथले विद्यार्थी येतात, कारण दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळी सुट्टी असते.

या येण्याजाण्यासाठीचा अमेरिकी व्हिसा म्हणजे जे-१, आणि त्यातला विभाग म्हणजे ‘समर वर्क ट्रॅव्हल’. जाहिरातीत तो फार साधा दिसतो: सुट्टीत जा, काम करा, डॉलर कमवा, अमेरिका पाहा, परत या. यातलं काहीच खोटं नाही. फक्त हा व्हिसा कोणत्या कायद्याखाली आहे आणि त्यामुळे कोणाची जबाबदारी कोणावर पडते, हे जाहिरातीत नसतं. माझ्या मते अर्ज करण्याआधी हेच समजून घ्यायला हवं. बाकीची कागदपत्रं कोणीही भरून देईल.

कामाचा व्हिसा, पण कामगार खात्याचा नाही

जे-१ व्हिसाचं मूळ १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यात आहे. देशोदेशींच्या लोकांनी एकमेकांकडे जावं, शिकावं, ओळख वाढवावी हा त्या कायद्याचा हेतू. शीतयुद्धाचा तो काळ होता आणि अमेरिकेला जगभर मित्र हवे होते. त्यामुळे जे-१ व्हिसा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत येतो. संशोधक, प्राध्यापक, निवासी डॉक्टर, मुलं सांभाळायला येणाऱ्या ओ-पेअर, शिबिरांत काम करणारे तरुण असे बरेच गट याच जे-१ खाली येतात आणि समर वर्क ट्रॅव्हल हा त्यांतला एक मोठा गट आहे.

याचा परिणाम दूरवर जातो. अमेरिकेत हंगामी बिगरशेती कामासाठी एच-२बी नावाचा वेगळा व्हिसा आहे. त्यावर परदेशी कामगार आणायचा तर मालकाला आधी स्थानिक माणसं शोधून दाखवावी लागतात. कामगार खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्या भागातला प्रचलित मजुरीदर द्यावा लागतो आणि कामगाराच्या प्रवासखर्चाची जबाबदारीही उचलावी लागते. शिवाय वर्षाला ६६ हजारांची मूळ मर्यादा आहे. समर वर्क ट्रॅव्हलमध्ये या प्रमाणपत्राची पायरी नाही, प्रचलित दराची अट नाही आणि विमानभाडं सहसा विद्यार्थीच भरतो. वर आणखी एक गोष्ट: या विद्यार्थ्यांच्या पगारावर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) यांचा कर लागत नाही. हा कर कामगाराच्या वाट्याचा ७.६५ टक्के आणि मालकाच्या वाट्याचाही तितकाच असतो. म्हणजे त्याच पगारात परदेशी विद्यार्थी मालकाला स्थानिक माणसापेक्षा स्वस्त पडतो.

मी हे कोणाला घाबरवायला सांगत नाही. हजारो विद्यार्थी दरवर्षी जातात, चांगल्या ठिकाणी काम करतात, मित्र जोडून परत येतात. पण कागदावर सांस्कृतिक देवाणघेवाण आणि प्रत्यक्षात हंगामी मजुरी, अशा दोन गोष्टी इथे एकाच व्हिसात आहेत. वाद झाला की समोरचा माणूस सोयीप्रमाणे कधी एक बाजू पुढे करतो, कधी दुसरी. तुम्हाला दोन्ही ठाऊक असायला हव्यात.

हर्शीच्या चॉकलेटांची गोष्ट

ऑगस्ट २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पाल्मायरा गावी शेकडो परदेशी विद्यार्थी काम सोडून रस्त्यावर उतरले. सगळे याच व्हिसावर आलेले. ते ज्या गोदामात होते तिथे हर्शीची चॉकलेटं पेट्यांत भरली जात. मात्र गोदाम चालवणारी कंपनी वेगळी होती आणि माणसं पुरवणारी त्याहून वेगळी. जड पेट्या उचलायच्या, पट्टा थांबत नाही म्हणून त्या वेगाने हात चालवायचे, अनेकांना रात्रपाळी. यासाठी त्यांनी मायदेशी तीन ते सहा हजार डॉलर भरले होते. पगारातून राहण्याचं भाडं कापून गेल्यावर हातात इतकं थोडं उरत होतं, की भरलेली रक्कमसुद्धा वसूल होणार नव्हती. इंग्रजी सुधारेल, अमेरिका कळेल म्हणून आलेली ही मुलं दिवसभर एकमेकांशिवाय फारशी कोणाशी बोलतही नव्हती.

पुढे परराष्ट्र खात्याने त्यांना आणणाऱ्या स्पॉन्सर संस्थेची मान्यता काढून घेतली. कामगार खात्याने चौकशी केली आणि एक हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना मिळून सुमारे २ लाख १३ हजार डॉलरची थकीत मजुरी मिळाली. माणशी हिशेब केला तर रक्कम लहान आहे. पण त्या आंदोलनाने नियम बदलले. वर्षाला १ लाख ९ हजार विद्यार्थ्यांची कमाल मर्यादा लागू झाली (२००८ मध्ये हा आकडा दीड लाखावर गेला होता). मे २०१२ मध्ये नवी नियमावली आली आणि आज तुम्ही जो अर्ज भरता तो तिच्या चौकटीत आहे.

त्या नियमावलीने कामांच्या मोठ्या यादीवर फुली मारली. गोदामं, कारखाने, बांधकाम, शेती, खाणकाम आणि अन्नप्रक्रिया उद्योग बंद. त्यामुळे अलास्काच्या मासळीच्या कारखान्यांतली कामंही गेली. कोणाच्या घरी घरकाम किंवा मुलं सांभाळणं बंद. गाडी चालवण्याचं काम बंद, आणि प्रवाशांना बसवून ओढायच्या सायकलरिक्षाही बंद. जुगाराच्या टेबलावर, प्रौढांच्या मनोरंजनाच्या धंद्यात, रुग्णांची शुश्रूषा करण्यात हा विद्यार्थी ठेवता येत नाही. ज्या कामाचे तास मुख्यतः रात्री १० ते सकाळी ६ मध्ये पडतात तेही चालत नाही. नुसत्या कमिशनवर विक्री, किंवा आधी माल स्वतः विकत घेऊन मग विकायचा, असलं कामही नाही. काम हंगामी किंवा तात्पुरतं असलं पाहिजे, आणि त्यात इतर माणसांशी, विशेषतः अमेरिकी लोकांशी, बोलणं-वागणं घडलं पाहिजे.

ही यादी पाठ करण्यासारखी आहे. तिथे पोचल्यावर कोणी म्हणालं की आजपासून तुला मागच्या गोदामात ठेवतो, तर ते मालकाच्या मर्जीवर नाही.

स्पॉन्सर, एजंट आणि मालक

या व्यवहारात तुमच्यापलीकडे तीन पक्ष असतात आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

पहिला स्पॉन्सर. ही अमेरिकेतली संस्था असते, तिला परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली असते, आणि अशा मान्यताप्राप्त संस्थांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर जाहीर असते. डीएस-२०१९ हा जे-१ चा पायाभूत कागद तीच देते. तुमचं काम खरं आहे का, मालक कसा आहे, राहण्याची आणि ये-जा करण्याची परवडणारी सोय आहे का हे तपासणं तिचं कर्तव्य आहे. दर महिन्याला तुमच्याशी संपर्क ठेवणं, काम बदलायचं झालं तर नवं काम तपासून मगच परवानगी देणं, अडचणीत केव्हाही फोन उचलणं, हेही तिच्यावर बंधनकारक आहे. पाहुणचार म्हणून नाही. हे न केल्यास तिची मान्यता जाऊ शकते.

दुसरा एजंट. हा तुमच्या देशातला. तो स्पॉन्सरचा भागीदार म्हणून काम करतो, पैसे बहुतेक वेळा तोच घेतो, मुलाखतीची तयारीही तोच करून घेतो. विद्यार्थी त्यालाच ओळखतो. साहजिकच सगळी भिस्त त्याच्यावर टाकतो आणि स्पॉन्सरचं नाव काय, हे विमानात बसेपर्यंत अनेकांना ठाऊक नसतं. इथेच मला कळकळीने सांगावंसं वाटतं: पैसे देण्याआधी स्पॉन्सरचं नाव विचारा, ते सरकारी यादीत शोधा आणि हा एजंट खरोखर तुमचा भागीदार आहे का, असं त्या संस्थेला थेट विचारा. एजंटला हा प्रश्न रुचला नाही तर तेवढ्यावरूनच पुष्कळ कळतं. किती पैसे कशासाठी घेतले जातात याचा बाबवार तपशील विद्यार्थ्याला मिळायला हवा, असं नियमच सांगतात. तो लेखी मागा.

तिसरा मालक, म्हणजे हॉटेल, पार्क, खानावळ. पगार तो देतो. कामाची ऑफर लेखी असते आणि त्यात कामाचं स्वरूप, तासाचा दर, अंदाजे तास, राहण्याची सोय, भाडं आणि पगारातून होणारी कपात लिहिलेली असते. व्हिसा वेव्हर यादीतल्या देशांचे, म्हणजे ज्यांना अमेरिकेच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही अशा देशांचे विद्यार्थी काम न ठरवताही जाऊ शकतात. भारत त्या यादीत नाही. भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाआधीच काम ठरलेलं आणि तपासलेलं असावं लागतं.

कोणाला जाता येतं

अमेरिकेबाहेरच्या मान्यताप्राप्त उच्च शिक्षणसंस्थेत, वर्गात बसून चालणाऱ्या पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रमाचा विद्यार्थी असणं ही मुख्य अट. किमान एक सत्र पूर्ण झालेलं हवं. इंग्रजीत संवाद साधता यायला हवा आणि ते स्पॉन्सर मुलाखत घेऊन पडताळतो. कामाचा काळ जास्तीत जास्त चार महिने आणि तो तुमच्या विद्यापीठाच्या मोठ्या सुट्टीतच बसायला हवा. अमेरिकेतला उन्हाळा केव्हा आहे हे इथे बघत नाहीत. परीक्षा मेमध्ये संपून जून-जुलैत वर्ग सुरू होत असतील तर चार महिने कागदावर असले तरी तुमच्या हाती दीड-दोनच पडतात. घरून केलेला सगळा खर्च तेवढ्या काळात निघेल का, याचं उत्तर बरेचदा इथेच मिळून जातं.

या व्हिसाशी काही दुसरे व्हिसा गल्लत होण्याइतके जवळचे आहेत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा एफ-१ वेगळा, त्याचे कामाचे नियमही वेगळे. ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’, म्हणजे उपवर्ग ४६२, भारतीयांना २०२४ पासून सोडतीने मिळू लागला. वय १८ ते ३०, वर्षाला एक हजार जागा. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ पदवीधर भारतीयांसाठी आहे, वर्षाला तीन हजार जागा, मुक्काम दोन वर्षांपर्यंत. या दोन्हींत तुम्ही आज विद्यार्थी असण्याची अट नाही आणि डोक्यावर स्पॉन्सरही नसतो. एजंट तिन्ही एकाच पत्रकात छापत असेल तर नेमकं कशाबद्दल बोलतोय ते विचारून घ्या.

कागद, शुल्क, मुलाखत

डीएस-२०१९ हातात आला की सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदप्रणालीचं शुल्क भरायचं. समर वर्क ट्रॅव्हलसाठी ते ३५ डॉलर आहे, बहुतेक इतर जे-१ गटांना २२०. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज आणि १८५ डॉलरचं व्हिसाशुल्क. व्हिसा नाकारला तरी हे शुल्क परत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका कायद्यात बिगरस्थलांतरित व्हिसावर आणखी २५० डॉलर आकारण्याची तरतूद आहे, म्हणून पैसे जमवताना त्या दिवशीचा दर दूतावासाच्याच संकेतस्थळावर बघावा. आरोग्यविमा सक्तीचा आहे: एका आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचं संरक्षण, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. बहुतेक ठिकाणी तो स्पॉन्सरच्या शुल्कातच धरलेला असतो.

मुलाखत चार-पाच मिनिटांतही आटोपते, पण तिच्यामागचा कायदा कडक आहे. अमेरिकी कायद्याच्या २१४(ब) कलमानुसार अर्ज करणारा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायला चालला आहे असं आधीच गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं असतं. त्यामुळे खिडकीपलीकडचा अधिकारी जे विचारतो ते सगळं परतीभोवती फिरतं. काय शिकता, कितवं वर्ष, पुढचं सत्र केव्हा, कुठे काम करणार, ते गाव कोणत्या राज्यात, पैसे कोणी भरले. घोकलेली उत्तरं इथे उपयोगी पडत नाहीत. कामाचं ठिकाण नकाशावर पाहिलेलं नाही, मालकाचं नाव आठवत नाही, असा विद्यार्थी स्वतःच शंका निर्माण करतो. नकारावर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदल झाल्याशिवाय निकाल सहसा बदलत नाही.

जून २०२५ पासून एफ, एम (व्यावसायिक प्रशिक्षणाचा) आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितलं जातं. डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतली खात्यांची नावं द्यावी लागतात, ती तर आधीपासूनच. खातं लपवलं आणि पुढे सापडलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, आणि तो त्या एका उन्हाळ्यापुरता राहत नाही.

मुलाखतीच्या वेळी विल्बरफोर्स पत्रक नावाचं एक पत्रक मिळतं. २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यामुळे ते देणं अमेरिकी दूतावासांवर बंधनकारक आहे. त्यात कामगार म्हणून तुमचे हक्क आणि मदतीचा फोन दिलेला असतो. पुष्कळजण ते पासपोर्टच्या पाकिटात सरकवून विसरतात. कृपा करून वाचा आणि त्यातला क्रमांक मोबाइलमध्ये साठवा.

पैशांचा खरा हिशेब

जाहिरातीत तासाचा दर असतो. विद्यार्थी त्याला चाळीस तासांनी गुणतो, मग आठवड्यांनी, मग रुपयांत फिरवतो, आणि डोळे दिपतात. खरा हिशेब तासांवर ठरतो, दरावर कमी.

समजा तासाला १२ डॉलर, आठवड्याला ३२ तास, चौदा आठवडे. एकूण ५,३७६ डॉलर. राहण्याचं भाडं आठवड्याला १२० धरलं तर १,६८० गेले. खाणं आणि किरकोळ खर्च आठवड्याला ८० धरला तर १,१२०. प्राप्तिकर ढोबळ मानाने दहा टक्के धरला तर ५३८. उरले २,०३८. आता हाच हिशेब आठवड्याला वीस तासांवर करा. एकूण कमाई ३,३६० होते, भाडं आणि खाणं तेवढंच राहतं, कर ३३६ जातो. उरतात २२४ डॉलर. दर एक पैशानेही बदललेला नाही, फक्त तास बारा कमी झाले. आणि यातून विमानभाडं, एजंटचे पैसे आणि व्हिसाचा खर्च अजून वजाच केलेला नाही. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण तुमच्या ऑफरमधले आकडे घालून हीच वजाबाकी घरी बसून करा. आधी ३२ तासांची, मग वीसची. वीस तासांचा हिशेब सोसणार असेल तरच जा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस लागला, गर्दी कमी झाली की सगळ्यात आधी तासच कापले जातात.

घर कर्जात घालून जाणाऱ्या विद्यार्थ्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कर्ज डोक्यावर असलं की माणूस वाईट जागा सोडून जात नाही, चुकीच्या कपातीवर बोलत नाही, मिळेल ते दुसरं काम परवानगी न घेता धरतो. पाल्मायरात इतके आठवडे सगळे गप्प राहिले त्यामागे हेही होतं.

दराबद्दल कायदा असा: स्थानिक, राज्य आणि केंद्र यांपैकी जो किमान दर सर्वांत जास्त तो तुम्हाला लागू, आणि त्याच कामावरच्या अमेरिकी माणसाला जेवढं मिळतं त्यापेक्षा तुम्हाला कमी देता येत नाही. केंद्राचा किमान दर २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलेला आहे, अनेक राज्यांचा त्याहून बराच वर आहे. खानावळीत टिपवर काम असेल तर मात्र मालक रोख दर केंद्राच्या नियमाने २.१३ डॉलरपर्यंत खाली आणू शकतो. टिप धरून किमान दर भरला नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो. आठवड्याला चाळीस तासांच्या वर दीडपट मजुरी हा सर्वसाधारण नियम आहे, पण वर्षात सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या काही करमणूक केंद्रांना केंद्रीय कायद्याने त्यातून सूट दिलेली आहे. पार्कात काम मिळालं असेल तर ओव्हरटाइम कसा मोजतात हे ऑफर घेतानाच विचारा.

पोचल्यानंतर

पहिल्या दहा दिवसांत स्पॉन्सरला आपला पत्ता कळवणं अत्यावश्यक आहे. त्यावरून सेव्हिसमध्ये तुमची नोंद सक्रिय होते. ती झाली नाही तर व्हिसाचा कार्यक्रमच रद्द होऊ शकतो. नंतर पत्ता बदलला तरी दहा दिवसांत कळवायचं. मग सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी अर्ज. क्रमांक यायला वेळ लागला तरी अर्जाची पावती घेऊन काम सुरू करता येतं.

दुसरं काम धरण्यास मनाई नाही. फक्त ते सुरू करण्याआधी स्पॉन्सरची संमती हवी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात चार तास रोखीने, असं कोणी सुचवलं तर तो थेट व्हिसाभंग आहे, आणि पकडला जातो तो विद्यार्थी. मालकाने पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवायला’ मागितला तर देऊ नका. राहायला दिलेल्या जागेत एका खोलीत किती जण आहेत, बाहेर पडायचा मार्ग कुठे, धुराची सूचना देणारं यंत्र चालतं का, हे पहिल्याच दिवशी पाहा आणि फोटो काढून ठेवा. या गावांत बस कमी असतात, म्हणून बहुतेक मुलं सायकलने फिरतात, तेही रात्री पाळी संपल्यावर हमरस्त्यावरून. दिवा आणि हेल्मेट यांवर आधी पैसे खर्च करा, फोनच्या नव्या कव्हरवर नंतर.

वाद झाला तर क्रम असा ठेवा: आधी मालकाला लेखी, मग स्पॉन्सरला लेखी, आणि स्पॉन्सरही ऐकत नसेल तर परराष्ट्र खात्याची जे-१ साठीची मदतवाहिनी. मजुरी बुडवली असेल तर कामगार खात्याचा वेतन विभागही तक्रार घेतो. तक्रार केली म्हणून तुम्हाला घरी पाठवण्याची धमकी देणं नियमांत बसत नाही. रोजचे तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. कागद तुमच्याकडे असला की बोलणं सोपं जातं.

काम संपल्यावर नावातला ‘ट्रॅव्हल’ येतो. डीएस-२०१९ वरची शेवटची तारीख उलटली की अमेरिकेत तीस दिवस फिरता येतं. या तीस दिवसांत काम एक तासही करता येत नाही. या दिवसांत मध्येच कॅनडा किंवा मेक्सिको बघायला बाहेर पडलात तर त्याच जे-१ वर परत आत येता येत नाही. त्यामुळे नायगरा अमेरिकेच्याच काठावरून बघा.

परत आल्यावरचं काम

शेवटचा भाग कराचा. अनेक विद्यार्थी त्याकडे पाठ फिरवतात आणि पैसे घालवतात. पहिल्या पगाराची चिठ्ठी हातात आली की ‘सोशल सिक्युरिटी’ आणि ‘मेडिकेअर’ या दोन ओळी बघायच्या. तिथे रक्कम असेल तर ती चुकून कापली गेली आहे. बरेच मालक सगळ्यांचा पगार एकाच सॉफ्टवेअरमधून काढतात, म्हणून असं होतं. लगेच सांगितलं तर पुढच्या पगारात परत मिळते. मालकाने नकार दिला तर अमेरिकी कर खात्याकडे फॉर्म ८४३ भरून ती मागता येते. केंद्राचा आणि बऱ्याच राज्यांचा प्राप्तिकर मात्र कापला जातो, तो बरोबर आहे.

वर्ष संपलं की मालक डब्ल्यू-२ नावाचा कागद काढतो. त्यात वर्षभराचा पगार आणि कापलेला कर लिहिलेला असतो आणि तो ३१ जानेवारीपर्यंत पाठवायचा असतो. तोवर तुम्ही मायदेशी परतलेले असता. म्हणून काम सोडायच्या दिवशी कचेरीत घरचा पूर्ण पत्ता आणि स्वतःचा ईमेल लिहून द्या. विद्यापीठाचा ईमेल देऊ नका, पदवी झाली की तो बंद होतो. डब्ल्यू-२ आल्यावर १०४०-एनआर हा अनिवासींसाठीचा फॉर्म आणि त्याच्यासोबत ८८४३, हे दोन्ही १५ एप्रिलच्या आत भरायचे. साधा १०४० भरू नका, तो निवासींसाठी आहे आणि चुकीच्या फॉर्मवर घेतलेला परतावा पुढच्या व्हिसाच्या वेळी आड येऊ शकतो. जास्त कर कापला गेला असेल तर फरक परत मिळतो. राज्याचा कर कापला असेल तर त्या राज्याचं विवरण वेगळं भरावं लागतं, आणि दोन राज्यांत काम केलं असेल तर दोन्हींचं.